तळघरातील ओल, दवबिंदू आणि संपूर्ण घराच्या डीह्युमिडिफायरचे स्वयंचलित नियंत्रण

जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात न्यू जर्सीतील शाळांना सुटी लागते आणि इथली अनेक मराठी कुटुंबे महिना-दीड महिन्यासाठी भारतात जातात. निघताना विजेची बचत म्हणून एसीचा थर्मोस्टॅट २९ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवला जातो. त्यामुळे एसी क्वचितच चालतो, हवेतील पाणी काढून घेणारे दुसरे काहीच घरात नसते आणि परतल्यावर दार उघडताच कुबट वास नाकात शिरतो. आमच्या घरी हे लागोपाठ दोन वर्षे घडले. तबल्यावर पांढरी बुरशी धरली होती, हार्मोनियमच्या भात्याला वास येत होता आणि तळघरात ठेवलेल्या ट्रंकेतील रेशमी साड्या उन्हात टाकून, पुन्हा घडी मोडून, महिनाभर हवेशीर ठेवाव्या लागल्या. त्यानंतर आम्ही डक्टला जोडलेला, संपूर्ण घरासाठीचा डीह्युमिडिफायर बसवला आणि त्याचे नियंत्रण होम असिस्टंट या, घरातील उपकरणे आपोआप चालवणाऱ्या संगणक प्रणालीकडे दिले. ते काम कोणत्या क्रमाने करावे, हे या लेखात सविस्तर मांडले आहे.

यंत्र बसवण्यापूर्वी एक काम अटळ आहे. छताच्या पन्हाळीचे पाणी पायाच्या भिंतीपाशी पडत असेल, कपडे वाळवण्याच्या यंत्राची गरम, दमट हवा घरातच सुटत असेल किंवा घराखालच्या पोकळीतील माती उघडी असेल, तर आधी ते दुरुस्त करावे. डीह्युमिडिफायर हवेतील बाष्प काढतो. भिंतीतून झिरपणाऱ्या पाण्यावर तो उपाय नाही, आणि तशा घरात कितीही चतुर नियंत्रण केले तरी यंत्र चोवीस तास चालत राहते.

यंत्र आत काय करते

घरातील हवा पंख्याने थंड कॉइलवरून जाते, तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊन निचरा नळीत उतरते, आणि तीच हवा पुढे गरम कॉइलवरून जाऊन कोरडी पण अधिक उबदार होऊन बाहेर पडते. ही ऊब किती असते हे समजून घेणे नियंत्रणाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. एक लिटर बाष्पाचे पाणी होताना सुमारे ०.६८ युनिट (किलोवॅट-तास) इतकी उष्णता मोकळी होते, आणि यंत्राने वापरलेली वीजही शेवटी उष्णता म्हणून घरातच राहते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या २०१९ पासून लागू असलेल्या मानकानुसार संपूर्ण घरासाठीच्या लहान आकाराच्या यंत्राने एका युनिटमागे किमान १.७७ लिटर आणि ८ घनफुटांहून मोठ्या यंत्राने किमान २.४१ लिटर पाणी काढले पाहिजे. लहान यंत्राचा हिशेब धरला, तर दर लिटरमागे सुमारे सव्वा युनिट उष्णता घरात येते. दिवसाला २० लिटर पाणी निघत असेल, तर ते दिवसभर एक किलोवॅटचा हीटर चालू ठेवण्यासारखे आहे. म्हणूनच यंत्र गरजेपुरतेच आणि योग्य वेळी चालावे, याची काळजी घ्यावी लागते.

यंत्राच्या पेटीवरचा क्षमतेचा आकडाही जपून वाचावा. ७० किंवा ९८ पाइंट प्रतिदिन, म्हणजे अनुक्रमे सुमारे ३३ किंवा ४६ लिटर, असे आकडे दिलेले असतात. मात्र २०१९ पासूनच्या चाचणीत तो आकडा सुमारे २३ अंश तापमानाला आणि ६० टक्के आर्द्रतेला मोजला जातो. तळघर २० अंशांवर असेल आणि हवा आधीच बऱ्यापैकी कोरडी झालेली असेल, तर प्रत्यक्षात निघणारे पाणी त्याहून बरेच कमी असते. यात यंत्राचा दोष काढू नये.

टक्केवारी सोडून दवबिंदू का धरावा

बाजारातील जवळजवळ प्रत्येक नियंत्रक सापेक्ष आर्द्रतेच्या टक्क्यांवर चालतो, आणि माझ्या मते घरातील ओलीबाबतचा बहुतेक गोंधळ तिथेच सुरू होतो. एकच हवा तापमान बदलले की वेगळी टक्केवारी दाखवते. वरच्या मजल्यावर २४ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, सुमारे १५.८ अंश असतो. तीच हवा जिन्याने उतरून २० अंशांच्या तळघरात गेली की तिथे ७७ टक्के दिसतात, आणि जमिनीला टेकलेल्या, १७ अंशांवर असलेल्या काँक्रीटच्या भिंतीलगत ती ९३ टक्क्यांपर्यंत पोहोचते. पृष्ठभागालगतची आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी वाढते. म्हणजे वरच्या मजल्यावरचा आकडा निर्धोक वाटत असताना खाली ट्रंकेच्या मागे बुरशी धरू शकते.

दवबिंदू मात्र हवेत पाणी किती आहे तेवढेच सांगतो आणि ती हवा ज्या ज्या खोलीत जाते तिथे जवळजवळ तसाच राहतो. आम्ही तळघरातील हवेचा दवबिंदू १३ अंशांच्या वर गेला की यंत्र चालू करतो आणि ११.५ अंशांवर आला की बंद करतो. दवबिंदू १३ असताना २४ अंशांच्या खोलीत ५० टक्के, २० अंशांच्या तळघरात ६४ टक्के आणि १७ अंशांच्या भिंतीलगत ७७ टक्के आर्द्रता असते, म्हणजे सर्वांत थंड जागाही ८० च्या खाली राहते. आपल्या घरातील आकडा ठरवताना उन्हाळ्यात सर्वांत थंड भिंतीचे तापमान प्रत्यक्ष मोजावे आणि तिथून उलट हिशेब करावा.

दवबिंदू धरण्याचा आणखी एक फायदा आहे. सेन्सर ज्या सर्किटच्या पट्टीवर बसवलेला असतो, त्या पट्टीच्या स्वतःच्या उबेमुळे तो थोडा तापतो. एक अंशाने तापलेला सेन्सर ५० ऐवजी सुमारे ४७ टक्के दाखवतो आणि टक्क्यांवर चालणारे नियंत्रण तिथे फसते. तापमान आणि आर्द्रता एकाच सेन्सरमधून घेऊन दवबिंदू काढला, तर ही चूक आपोआप खोडली जाते.

हिशेबासाठी मॅग्नसचे सूत्र पुरेसे आहे. त हे अंश सेल्सिअसमधील तापमान आणि आ ही आर्द्रतेची टक्केवारी मानली, तर

ग = नैसर्गिक लॉग (आ ÷ १००) + १७.६२ × त ÷ (२४३.१२ + त)

दवबिंदू = २४३.१२ × ग ÷ (१७.६२ − ग)

होम असिस्टंटमध्ये टेम्प्लेट प्रकारचा, म्हणजे इतर सेन्सरच्या आकड्यांवरून हिशेब करणारा, सहायक सेन्सर तयार करून त्यात हे सूत्र एकदा लिहावे. तोंडी पडताळणीसाठी सोपा नियमही आहे. हवा ५० टक्क्यांहून दमट असेल, तर १०० पासून जितके टक्के कमी असतील त्यांना ५ ने भागावे आणि येणारी संख्या तापमानातून वजा करावी. वरच्या उदाहरणात या नियमाने १६ अंश येतात, म्हणजे उत्तर जवळपास तेच आहे.

पहिली पायरी: सेन्सर

सेन्सिरियन कंपनीचा एसएचटी ४० किंवा एसएचटी ३१ हा सेन्सर या कामास योग्य आहे. त्याची आर्द्रतेतील चूक साधारण २ टक्क्यांच्या आत असते. डीएचटी ११ हा स्वस्त सेन्सर ५ टक्क्यांपर्यंत चुकतो, तो टाळावा. सेन्सर तपासण्यासाठी घरातील मीठ पुरते. एका बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घालावे, झाकण आणि सेन्सर एका हवाबंद डब्यात सात-आठ तास ठेवावेत, आणि २५ अंशांच्या आसपास आकडा ७५ टक्के येतो का ते पाहावे. जो फरक दिसेल तो प्रणालीत वजा किंवा अधिक करून ठेवावा.

तळघरात किमान दोन आणि वरच्या मजल्यावर एक सेन्सर असावा. हवेच्या झडपेसमोर, बाहेरच्या भिंतीवर, उन्हात किंवा न्हाणीघराच्या दाराशी सेन्सर लावू नये. तळघरातील दोन्हींच्या दवबिंदूंची सरासरी आणि तिचीही दहा मिनिटांची सरासरी घेतली की आंघोळीची किंवा कुकरच्या शिट्टीची क्षणिक वाफ नियंत्रणापर्यंत पोहोचत नाही. त्या वाफेसाठी एक्झॉस्ट पंखा आहे. बॅटरीवर चालणारे सेन्सर वापरल्यास एक धोका लक्षात ठेवावा. बॅटरी संपल्यावरही शेवटचा आकडा पडद्यावर तसाच राहू शकतो, म्हणून अर्ध्या तासात नवा आकडा आला नाही तर तो सेन्सर हिशेबातून वगळण्याचा नियम आधीच लिहून ठेवावा.

दुसरी पायरी: यंत्राला रिले जोडणे

संपूर्ण घराच्या बहुतेक डीह्युमिडिफायरमध्ये बाहेरील नियंत्रकासाठी कमी विद्युतदाबाचे टर्मिनल दिलेले असतात. काही यंत्रांत डीएच अशी खूण असलेली दोन टर्मिनल एकमेकांना जोडली की यंत्र चालू होते. काहींत २४ व्होल्टचे आर टर्मिनल आणि डीह्यु टर्मिनल जोडावे लागते आणि पंख्यासाठी वेगळे टर्मिनल असते. झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा पुस्तिकेत छापलेली वायरिंगची आकृती वाचल्याशिवाय हात घालू नये. बाहेरचे नियंत्रण जोडल्यावर यंत्रावरचा स्वतःचा नियंत्रक कोणत्या स्थितीत ठेवायचा, हेही त्याच आकृतीलगत दिलेले असते.

इथे लागणारा रिले, म्हणजे संदेशावर चालू-बंद होणारा स्विच, कोरड्या संपर्काचा हवा; त्याने फक्त दोन तारा जोडाव्यात, स्वतःचा दाब त्यांवर सोडू नये. शेली १ या प्रकारचे रिले तसे आहेत. त्याच मालिकेतील वीज मोजणारा १ पीएम मात्र तसा नाही. त्याच्या बाहेर जाणाऱ्या तारेत मुख्य पुरवठ्याचाच दाब येतो, आणि तो या टर्मिनलवर लावला तर यंत्राचा नियंत्रण बोर्ड जळतो. वाय-फाय असलेली ईएसपी ३२ चिप आणि तिच्यावर ईएसपीहोम हे सॉफ्टवेअर हा दुसरा पर्याय आहे आणि मला तो अधिक पसंत आहे, कारण सेन्सर, सूत्र आणि निर्णय सगळे त्या एका पट्टीवर राहू शकतात. जोडणीसाठी १८ गेजची थर्मोस्टॅट वायर वापरावी, काम करताना यंत्राचा प्लग काढून ठेवावा, आणि १२० व्होल्टच्या बाजूचे कोणतेही काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

तिसरी पायरी: प्रणाली बंद पडली तर

नियम लिहिण्याआधी ही पायरी पूर्ण करावी, असा माझा आग्रह आहे. आपण भारतात असताना राउटर अडकतो, संगणकाचे साठवणीचे कार्ड खराब होते, वीज जाऊन येते. अशा वेळी घर निर्णयाविना राहता कामा नये.

त्यासाठी भिंतीवर बसणारा एक साधा ह्युमिडिस्टॅट, म्हणजे ठरावीक आर्द्रतेला चालू होणारा स्विच, घ्यावा आणि त्याच्या दोन तारा आपल्या रिलेच्या दोन तारांना समांतर जोडाव्यात, म्हणजे दोहोंपैकी कोणीही मागणी केली तरी यंत्र चालू होईल. तो वरच्या मजल्याच्या मार्गिकेत ५५ टक्क्यांवर ठेवावा. सगळे सुरळीत असताना आर्द्रता तिथपर्यंत जातच नाही, त्यामुळे तो गप्प राहतो, आणि प्रणाली कोलमडली तरी घर अगदीच निर्णयाविना राहत नाही. निचरा पात्रातील फ्लोट स्विच, म्हणजे पाणी चढले की तरंगून उचलला जाणारा स्विच, मात्र या दोघांच्याही पुढे, एकसर जोडावा. पाणी तुंबले की कोणाचीही मागणी यंत्रापर्यंत पोहोचता कामा नये, आणि हे काम सॉफ्टवेअरवर सोपवू नये.

ईएसपीहोम वापरणाऱ्यांनी एक बारीक गोष्ट पाहावी. होम असिस्टंटशी संपर्क १५ मिनिटे तुटला, तर मूळ मांडणीप्रमाणे ती पट्टी स्वतःला पुन्हा सुरू करते. वाय-फायबाबतही तेच घडते. निर्णय पट्टीवरच होत असेल, तर संपर्क नसल्यास दर १५ मिनिटांनी कॉम्प्रेसर बंद पडेल. म्हणून या दोन्ही मुदती शून्यावर ठेवाव्यात, आणि वीज परत आल्यावर रिले नेहमी बंद स्थितीतच सुरू होईल असे ठरवावे.

चौथी पायरी: चालू-बंदचे नियम

टक्केवारीवरच काम भागवायचे असेल, तर होम असिस्टंटमध्ये जेनेरिक हायग्रोस्टॅट हा तयार घटक आहे. त्याला रिले, सेन्सर आणि लक्ष्य दाखवून प्रकार डीह्युमिडिफायर असा निवडला की तो चालतो. दोन्ही बाजूंची सूट मुळात ३ टक्के असते, ती तशीच ठेवावी. दवबिंदूसाठी मात्र आपले नियम लिहावे लागतात.

मूळ नियम वर सांगितलेले १३ आणि ११.५ हेच. त्यांना काळाची बंधने जोडावी लागतात, कारण कॉम्प्रेसर बंद झाल्यावर आतील वायूचा दाब समान होण्यास वेळ लागतो आणि लगेच पुन्हा चालू केल्यास मोटरवर ताण येतो. बंद झाल्यानंतर किमान १० मिनिटे यंत्र चालू होऊ नये, आणि चालू झाले की किमान २० मिनिटे चालावे. थोडा वेळ चालण्यात दुसरा तोटाही आहे. सुरुवातीला निघालेले पाणी कॉइलवरच थेंबांच्या रूपात राहते आणि निचरा नळीपर्यंत पोहोचतच नाही.

याच कारणाने एसीच्या पंख्याकडे लक्ष द्यावे. अनेक घरांत तो थर्मोस्टॅटवर सतत चालू ठेवलेला असतो. एसीचा कॉम्प्रेसर थांबला तरी पंखा ओल्या कॉइलवरून हवा फिरवत राहतो आणि नुकतेच काढलेले पाणी पुन्हा घरात सोडतो. पंखा ऑटो स्थितीत आणल्यावर दमटपणात पडलेला फरक आम्हाला आलेखावर दुसऱ्याच दिवशी दिसला.

एसी चालू असताना डीह्युमिडिफायर चालवावा का, हे डक्टची जोडणी पाहून ठरते. कोरडी हवा एसीच्या कॉइलनंतरच्या, थंड हवा वाहून नेणाऱ्या डक्टमध्ये सोडलेली असेल, तर दोन्ही एकत्र चालू शकतात. ती परतीच्या डक्टमध्ये सोडली, तर उबदार आणि कोरडी हवा एसीच्या कॉइलवर जाते आणि एसीचे स्वतःचे पाणी काढण्याचे काम मंदावते, म्हणून ती जोडणी शक्यतो टाळावी. आमचा नियम असा आहे की एसी थंडावा देत असेल आणि दवबिंदू १४.५ अंशांच्या खाली असेल, तर डीह्युमिडिफायरने थांबावे, कारण एसी ते काम करतच आहे. त्याहून वर गेला, तर दोन्ही चालावेत.

पाचवी पायरी: खिडक्या

कुबट वास आला की खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. न्यू जर्सीच्या जुलैत हा सल्ला तळघराला बाधतो. बाहेरील हवेचा दवबिंदू दमट दिवसांत २० अंशांच्या वर असतो आणि ती हवा १७ अंशांच्या भिंतीला लागली की भिंतीला अक्षरशः घाम फुटतो. म्हणून हवामान सेवेकडून मिळणाऱ्या तापमान आणि आर्द्रतेवरून बाहेरचा दवबिंदूही काढावा. तो आतल्यापेक्षा किमान २ अंशांनी कमी असेल तेव्हाच ‘खिडक्या उघडण्यास हरकत नाही’ असा संदेश फोनवर यावा, आणि खिडकी उघडी असल्याचे खिडकीवरच्या सेन्सरने कळवले की डीह्युमिडिफायर थांबावा. मे महिन्यात आणि सप्टेंबरच्या अखेरीस असे दिवस बरेच मिळतात.

प्रवासासाठी वेगळी स्थिती ठेवावी. एसीचा थर्मोस्टॅट २९ वर जाऊ द्यावा, पण दवबिंदूची मर्यादा ढिली करू नये. घरात माणसे नसल्याने आंघोळ, स्वयंपाक आणि श्वासाचे बाष्प नसते, त्यामुळे १३ ची मर्यादा राखायला वीजही तुलनेने कमी लागते.

सहावी पायरी: यंत्र खरोखर चालते का

रिले चालू झाला म्हणजे यंत्र चालू झाले, असे नाही. यंत्राच्या तारेवर वीज मोजणारा क्लॅम्प किंवा योग्य क्षमतेचा मोजणी प्लग लावावा. रिले चालू होऊन १० मिनिटे झाली आणि तरीही वापर केवळ पंख्याइतकाच असेल, तर फ्लोट स्विच उचलला गेला आहे किंवा कॉम्प्रेसर सुरू झालेला नाही, असे समजून इशारा यावा. दुसरा इशारा निचरा नळीजवळच्या गळती सेन्सरचा आणि तिसरा दवबिंदू सहा तास १५ च्या वर राहिल्याचा असावा. याहून अधिक इशारे ठेवू नयेत. रोज दहा संदेश येऊ लागले की महत्त्वाचा संदेशही न वाचता पुसला जातो.

वर्षातून एकदा बादलीची परीक्षा घ्यावी. निचरा नळी तासभर बादलीत सोडून पाणी मोजावे, त्या तासातील वापरलेल्या युनिटने भागावे आणि आकडा नोंदवून ठेवावा. तशाच हवेत पुढच्या वर्षी तो बराच घसरला, तर आधी फिल्टर आणि मग कॉइल पाहावी.

कोकणातील किंवा मुंबईतील घरासाठी हे कितपत लागू आहे, असे नातेवाईक नेहमी विचारतात. पावसाळ्यात किनाऱ्यावर बाहेरचा दवबिंदू २४ ते २५ अंश असतो आणि कौलारू घरात हवा कौलांच्या फटींतून सतत आत येते, त्यामुळे संपूर्ण घर कोरडे करण्याचा प्रयत्न सोडून कपाटांची एक खोली नीट बंद करावी आणि तिथे फिरते यंत्र ठेवावे. त्याला स्मार्ट प्लग लावण्यापूर्वी एक चाचणी करावी. यंत्र चालू असताना भिंतीवरचे बटण बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा चालू करावे. यंत्र आपोआप सुरू झाले, तरच प्लगने नियंत्रण शक्य आहे. स्पर्शाच्या बटणांची अनेक यंत्रे वीज परतल्यावर बंदच राहतात. अशा यंत्राला त्याच्याच ह्युमिडिस्टॅटवर सोडून द्यावे आणि प्लगचा उपयोग फक्त वीज मोजण्यासाठी करावा.

आमच्याकडे ऑक्टोबरच्या मध्यानंतर दवबिंदू आपोआप उतरतो आणि यंत्राला मागणीच येत नाही. तळघर १० अंशांच्या आसपास गेल्यास कॉइलवर बर्फ धरण्याची भीती असते, म्हणून १३ अंश तापमानाखाली यंत्र कुलूपबंद राहील असा नियम ठेवला आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कुलूप उघडण्यापूर्वी फिल्टर बदलावा, निचऱ्याच्या सापळ्यात (नळीच्या पाणी धरणाऱ्या वळणात) लिटरभर पाणी ओतून ते सरळ वाहते का ते पाहावे, आणि यंत्र चालू असताना फ्लोट स्विच बोटाने वर उचलून यंत्र त्याच क्षणी थांबते याची खात्री करून घ्यावी.